अंदाजवहीतले खोडलेले पान

दोस्तांनो, "कटप्पाने बाहुबलीला का मारलं?" हा प्रश्न तुमच्या ताई-दादांना विचारून बघा. पहिला सिनेमा १० जुलै २०१५ ला आला, दुसरा २८ एप्रिल २०१७ ला. मधली जवळजवळ पावणेदोन वर्षे सगळा देश एकाच कोड्यावर डोके खाजवत होता. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत डबे उघडायच्या आधी या विषयाचा निकाल लागायचा, आणि रोज वेगळा लागायचा!

आज मात्र मी सांगणार आहे याहून लांबलेल्या एका कोड्याची गोष्ट. ते कोडे होते एका व्हिडिओ गेमचे आणि ते चालले तब्बल चार वर्षे, म्हणजे एक महिना कमी. खेळाचे नाव 'द लेजंड ऑफ झेल्डा : टिअर्स ऑफ द किंग्डम'. ज्यांना तो अजून खेळायचा आहे त्यांनी इथेच थांबा आणि पान उलटा, कारण मी शेवट फोडणार आहे. नंतर "गुरुजी, सगळी मजा घालवलीत" अशी पत्रे नकोत.

थांबलात? नाही ना? मग ऐका.

२०२२ च्या दिवाळीत मी साताऱ्याला ताईकडे गेलो होतो. माझा भाचा तेव्हा सहावीत. फराळाचे ताट पुढे आले तोवर चिरंजीव एक शंभर पानी वही घेऊन हजर. वर मोठ्या अक्षरांत 'अंदाजवही', आणि खाली पेन्सिलीने काढलेले एक चित्र. एकमेकांचे शेपूट तोंडात धरून गोल झालेले दोन सापासारखे प्राणी.

"हे काय रे? नागपंचमी होऊन गेली की," मी म्हणालो.

"मामा! हा झेल्डाच्या नव्या खेळाचा लोगो आहे. तुला काहीच माहीत नाही का?"

मला खरेच काही माहीत नव्हते. प्राथमिक शाळेच्या मास्तरला व्हिडिओ गेम म्हणजे मुलांच्या दप्तरातून जप्त करायची वस्तू, एवढीच ओळख. मग त्याने मला समोर बसवले, चकली हातात दिली आणि माझी शिकवणी सुरू केली.

तर गोष्ट अशी. झेल्डा ही जपानच्या निन्टेंडो कंपनीची खेळांची मालिका. पहिला खेळ १९८६ चा. हायरूल नावाचे राज्य, झेल्डा नावाची राजकन्या आणि लिंक नावाचा, फारसे काही न बोलणारा नायक. (पुष्कळ लोक नायकालाच झेल्डा समजतात. मीही समजलो, आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली.) ३ मार्च २०१७ ला या मालिकेतला 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' आला. त्यात अख्खे हायरूल मोकळे सोडलेले. डोंगर दिसला की चढायचा, नदी दिसली की पार करायची, आधी इकडे का आधी तिकडे ते तुमचे तुम्ही ठरवायचे. लोक त्या खेळाच्या प्रेमातच पडले. आणि मग ११ जून २०१९ ला निन्टेंडोने त्याच्या पुढच्या भागाची एक छोटीशी झलक दाखवली.

झलक जेमतेम दीड मिनिटाची. लिंक आणि झेल्डा मशाल घेऊन राजवाड्याखालच्या भुयारात उतरलेले. भिंतींवर जुनी चित्रे. पुढे एक वाळलेले, ममीसारखे शरीर, आणि त्याच्या छातीवर दाबून धरलेला एक हिरवट चमकणारा हात. नुसता हात! मग ते शरीर डोळे उघडते, जमीन हादरते आणि वरचा राजवाडाच्या राजवाडा जमिनीतून वर उचलला जातो. बस. खेळाचे नाव नाही, तारीख नाही.

आता सांगा, एवढे दाखवून कोणी गप्प बसले, तर पोरे गप्प बसतील का? जगभरच्या चाहत्यांनी त्या झलकेचे एकेक चित्र थांबवून थांबवून पाहिले. कोणी भिंतीवरच्या रेषा उतरवून काढल्या, कोणी त्यातला आवाज उलटा वाजवून ऐकला. परीक्षेत उताऱ्यावरचे प्रश्न येतात ना, तसा दीड मिनिटाचा उतारा, आणि प्रश्न मात्र ज्याने त्याने स्वतःच काढायचे.

पुढची झलक १५ जून २०२१ ला. त्यात आकाशात तरंगणारी बेटे दिसली आणि लिंकचा उजवा हात बदललेला दिसला. तरी नाव नाहीच. का, तर कंपनीतल्या बिल ट्रिनेन यांनी मुलाखतीत सांगितले की झेल्डाच्या खेळांची नावे पुढे काय घडणार त्याचा सुगावा देतात, म्हणून आत्ता सांगत नाही. झाले! म्हणजे नाव हाच एक पुरावा ठरला. पुढे २९ मार्च २०२२ ला मालिकेचे प्रमुख एइजी आओनुमा यांनी खेळ २०२३ वर ढकलल्याचे सांगितले, आणि शेवटी १३ सप्टेंबर २०२२ ला नाव आणि तारीख एकदम कळली : 'टिअर्स ऑफ द किंग्डम', १२ मे २०२३.

इथे मला भाच्याने एक भारी गोष्ट दाखवली. इंग्रजीत हा शब्द एकाच स्पेलिंगचा, पण उच्चार दोन. 'टिअर्स' म्हटले तर अश्रू, 'टेअर्स' म्हटले तर फाटणे, चिरा. राज्याचे अश्रू, की राज्याला पडलेल्या चिरा? राजवाडा उखडून वर गेलेला, तेव्हा दुसरा अर्थही चपखल बसत होता. इंग्रजी वाचणारे यावर वाद घालत बसले. पण जपानी लोक हेच नाव आपल्या लिपीत उच्चाराप्रमाणे लिहितात, आणि तिथे स्वच्छ 'टिआझु' असे लिहिलेले होते. म्हणजे अश्रूच. पुढे कंपनीनेही तेच सांगितले.

"आपल्या देवनागरीत लिहिलं असतं तर भांडणच झालं नसतं," मी म्हणालो. त्याने ते वहीत लिहून घेतले. मामाचे काहीतरी पहिल्यांदाच लिहिण्यासारखे वाटले असावे.

वही मी मन लावून पाहिली. शिक्षकाच्या डोळ्यांनी पाहिली म्हणा ना. प्रत्येक पानावर एक अंदाज, त्याखाली 'पुरावा' असा मथळा, कोपऱ्यात तारीख. असे चौदा अंदाज. माझ्या वर्गातल्या विज्ञानाच्या वह्या इतक्या नीट असत्या तर!

एक पान ममीवर होते. 'हा गॅननडॉर्फ आहे. पुरावा : लाल केस, कपाळावरचा दागिना.' गॅननडॉर्फ हा या मालिकेतला जुना खलनायक. १९९८ च्या एका झेल्डा-खेळात तो माणसाच्या रूपात दिसला होता, आणि 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये मात्र नुसत्या काळ्या-लाल धुराच्या लोटासारखा. तो धूर कुठून येत होता, याचे उत्तर भुयारातल्या त्या ममीत असणार, असे त्याचे म्हणणे. हा अंदाज तसा सगळ्यांचाच होता.

दुसरे पान झोनाई लोकांवर. हे मला फार आवडले. आधीच्या खेळात एका जंगलात पडक्या वास्तू आहेत, त्यांवर ड्रॅगनची तोंडे आणि गोल गोल वेटोळी कोरलेली. त्या झोनाई नावाच्या नाहीशा झालेल्या लोकांच्या, एवढेच सांगून खेळ गप्प बसतो. जपानीत त्यांचे नाव 'झोनाउ', आणि जपानीत 'नाझो' म्हणजे कोडे. 'ना-झो' उलटे करा : 'झो-ना'! नावातच कोडे लपवलेले. भाच्याने लिहिले होते, 'कोडं म्हणून ठेवलंय म्हणजे उत्तर देणारच. हिरव्या हाताभोवती तशीच वेटोळी आहेत. हात झोनाईचा.'

आणखी एका पानावर होते, 'लिंक दोन आहेत.' नव्या झलकांत जमिनीवरचा लिंक नेहमीच्या निळ्या कपड्यांत, आणि आकाशातून झेपावणारा लिंक केस मोकळे सोडलेला, एका खांद्यावरून घेतलेल्या जुन्या पद्धतीच्या वस्त्रात. मग आकाशातला तो हजारो वर्षांपूर्वीचा दुसरा कोणी वीर असेल तर? पुरावा : कपडे वेगळे, केस मोकळे, हात वेगळा. हा अंदाजही जगभर पुष्कळांनी केला होता, आणि मला विचाराल तर फार सुंदर अंदाज होता.

पान नऊवर फक्त एवढेच : 'या वेळी झेल्डा होऊन खेळता येणार.' पुरावा : 'यायलाच पाहिजे.'

"हा अंदाज नाही हं, ही इच्छा आहे," मी म्हणालो.

"इच्छा पण लिहायची असते," तो म्हणाला.

मग त्याने मलाही एक अंदाज करायला लावला. मी ती झलक चारदा पाहिली आणि ऐटीत सांगितले, "तो हिरवा हात दुष्ट आहे. त्यानेच त्या बिचाऱ्याला शेकडो वर्षं दाबून ठेवलंय. पुरावा : जो धरून ठेवतो तो चोर." त्याने पंधराव्या पानावर 'मामा' असे नाव घालून तेही लिहिले.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती आणि मी बोललो नाही. सगळी वही पेन्सिलीने लिहिलेली होती. सहावीतला मुलगा पेनाने लिहितो. मी विचारले असते तर तो म्हणाला असता, "चुकलं तर खोडता येतं ना." पण दिवाळीचा दिवस, म्हटले जाऊ दे. तिथे माझी चूक झाली.

१२ मे २०२३ ला, शुक्रवारी खेळ बाजारात आला. पहिल्या तीन दिवसांत जगभरात एक कोटीहून जास्त प्रती खपल्या म्हणतात! आमच्या भाच्याकडे ते यंत्र नव्हते आणि अजूनही नाही. पण त्यांच्या इमारतीत कॉलेजात जाणारा एक दादा आहे, त्याच्याकडे होते. उन्हाळ्याची सुट्टी, दुपारी बाहेर ऊन, आणि सात-आठ पोरे दादाच्या खोलीत मांडी ठोकून. दादा खेळायचा, बाकीचे ओरडायचे.

मी मेच्या शेवटी गेलो तर भाचा गप्प गप्प. खेळाचे नाव काढले की "हो, चांगला आहे," एवढेच. ताई म्हणाली, "चार दिवस झाले, वर जात नाही." मी वही मागितली. त्याने दिली, पण हातातून सोडताना जरा आढेवेढे घेतले.

चाळता चाळता एका पानावर थांबलो. अंदाज : 'झेल्डा ड्रॅगन होते.' तारीख, २७ ऑक्टोबर २०२२. खाली पुरावा : 'कपडे वेगळे, केस मोकळे, हात वेगळा.'

मुलांनो, मास्तरला हे ओळखायला दुर्बीण लागत नाही. गणिताच्या पेपरात शेजाऱ्याचे उत्तर उतरवलेले असते ना, तेव्हा असेच होते. उत्तर बरोबर, रीत भलत्याच गणिताची. पान उजेडात तिरके धरले तर खोडलेल्या अक्षरांचा वळ स्पष्ट दिसत होता, 'लिंक दोन आहेत.'

मी ओरडलो नाही. नुसते विचारले, "दोन लिंकांचं काय झालं?"

बराच वेळ उत्तर नाही. मग एकदम सगळे बाहेर आले. दोन लिंक नव्हतेच. एकच लिंक. गॅननडॉर्फ जागा होतो तेव्हा लिंकचा हात निकामी होतो, त्याला तो झोनाई हात बसवला जातो, आणि तो आकाशातल्या बेटावर जुन्या वस्त्रात जागा होतो. कपडे बदलले, माणूस तोच. आणि दादाच्या खोलीत सगळ्यांसमोर कोणीतरी म्हणाले, "दोन लिंक म्हणणारा तो हाच ना?" मग 'दोन लिंक' हेच त्याचे नाव पडले. जिन्यात, मैदानावर, वाण्याच्या दुकानात, सगळीकडे 'ए दोन लिंक!'

"म्हणून मी वही दाखवणार होतो त्यांना. की बघा, मला आधीच माहीत होतं."

हे मला फार लागले. चिडवणाऱ्यांपेक्षाही त्या खोडलेल्या पानाचे वाईट वाटले. कारण खोडले काय होते? कपडे पाहून, केस पाहून, हात पाहून, विचार करून मांडलेली गोष्ट. आणि तिच्या जागी लिहिले ते दुसऱ्याच्या पडद्यावर पाहिलेले उत्तर. माझ्या मते त्या दोन ओळींत पहिली सोन्याची होती. ती चुकीची होती, हे मान्य. पण चुकीची ठरू शकेल इतकी स्पष्ट होती, हे किती जणांना जमते? "काहीतरी मोठं घडणार आहे" असा अंदाज करणारे कधीच चुकत नाहीत, कारण ते काही म्हणतच नाहीत! आणि आपल्या चुकीच्या अंदाजाची वाट इतकी पटणारी असावी, याला खेळ बनवणाऱ्यांचाही हात असतो. त्यांनी मुद्दामच दोन वेगळे पोशाख दाखवले असणार.

हे सगळे मी त्याला एवढ्या शब्दांत सांगितले नाही. त्याने ऐकलेही नसते. मी म्हणालो, "मला तो ड्रॅगनचा भाग नीट सांग."

मग हळूहळू गाडी रुळावर आली. झेल्डा भुयारातून खाली कोसळते ती थेट फार जुन्या काळात जाऊन पोचते. इकडे वर्तमानात लिंकची तलवार मोडलेली. ती तलवार झेल्डापर्यंत पोचते आणि तिला कळते की ही पुन्हा तेजस्वी व्हायला हजारो वर्षे लागतील. इतकी वर्षे कोण जगणार? मग ती एक गुप्त मणी गिळते आणि ड्रॅगन होते. ड्रॅगनला मरण नाही, पण आपण कोण होतो याची आठवणही राहत नाही. ती तलवार कपाळात रुतवून ती आकाशात फिरत राहते. लिंक जमिनीवर तिला शोधत वणवण करतो, तेव्हा ती त्याच्या डोक्यावरच असते. आणि जमिनीवर काढलेल्या प्रचंड चित्रांत, जी आकाशातूनच पुरती दिसतात, एकेक थेंब पडलेला असतो. लिंक त्याला हात लावतो आणि तिची एकेक आठवण दिसते. तेच ते अश्रू.

सांगताना त्याचा आवाज जरा जड झाला होता. माझाही घसा दाटला, पण मामाने असे दाखवायचे नसते.

"आणि शेवटी गॅननडॉर्फपण ड्रॅगन होतो. मग दोन ड्रॅगनची…"

बोलता बोलता तो थांबला. वही मिटून त्याने मुखपृष्ठ वर केले. एकमेकांचे शेपूट धरलेले ते दोन प्राणी. सात महिने त्याच्या वहीवर, त्याच्याच हाताने काढलेले!

"मामा, हे तर माझ्याकडेच होतं!"

होतेच की. आणि सगळ्यांकडे होते. चाहत्यांनी त्या गोलाचा अर्थ 'काळाचे चक्र' असा लावला होता, आणि झेल्डा जुन्या काळात जाते म्हणजे तोही अगदीच खोटा नव्हता. पण तोंड वर करून त्या प्राण्यांना 'ड्रॅगन' म्हणून मोजणारे थोडे.

मग आम्ही दोघांनी वही पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतली, आणि आणखी एक सापडले. पहिल्याच पानावर २०१९ च्या झलकेबद्दल त्याने लिहिले होते, 'सगळं जमिनीखाली आहे. खाली काहीतरी मोठं आहे का?' आणि त्यावर फुली मारली होती, कारण पुढच्या झलकेत आकाशातली बेटे दिसली आणि सगळे जग वर बघू लागले. प्रत्यक्ष खेळात काय निघाले माहीत आहे? हायरूलच्या खाली, जवळजवळ तेवढाच पसरलेला, एक अख्खा अंधारा प्रदेश! वर डोंगर तिथे खाली दरी. वर देवळासारखी जी स्थाने आहेत, बरोबर त्यांच्याखाली उजेड देणारी मुळे, आणि त्यांची नावेसुद्धा इंग्रजी अक्षरे उलटी केलेली. वर 'सुसुयाई', तर खाली 'इआयुसुस'. पहिल्या झलकेत भुयार दाखवूनही कंपनीने हा पाताळप्रदेश शेवटपर्यंत झाकून ठेवला.

फुली मारलेल्या त्या ओळीवर त्याने बोट ठेवले आणि म्हणाला, "ही फुली खोडू?"

"नाही," मी म्हणालो. "फुलीपण राहू दे."

त्याने काही वेळ विचार केला. मग माझ्या खिशातले पेन काढून घेतले, त्या खोडलेल्या पानावर गेला, आणि 'झेल्डा ड्रॅगन होते'च्या खाली लिहिले : 'हे मी नंतर लिहिले. आधी लिहिले होते : लिंक दोन आहेत.' आजची तारीख घातली. आणि मग लाल पेन मागितले. सगळे पेपर तपासायचे होते ना! गॅननडॉर्फला एक गुण, झोनाईच्या हाताला एक, अश्रूंना एक. काळाच्या चक्राला अर्धा. दोन लिंकला शून्य, पण कंसात 'पुरावा चांगला'. पंधराव्या पानावर 'मामा', तिथे मोठे भोपळ्याएवढे शून्य. कारण तो हिरवा हात दुष्ट नव्हताच. तो राउरू नावाच्या झोनाई राजाचा हात. मेल्यावरही गॅननडॉर्फला त्यानेच दाबून धरले होते. आणि पुढे लिंकला बसवला तोही तोच.

"जो धरून ठेवतो तो चोर म्हणे!" भाचा म्हणाला. "मामा, तुझा पुरावापण वाईट होता."

संध्याकाळी तो दादाकडे वर गेला. 'दोन लिंक' हे नाव काही सुटले नाही, पण आता कोणी हाक मारली की तो "ओ" देतो, असे ताई सांगत होती.

आता एक शिल्लक राहिलेले प्रकरण. जून २०२४ मध्ये शाळा सुरू होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता आणि त्याचा फोन आला. 'इकोज ऑफ विज्डम' नावाचा नवा खेळ जाहीर झाला होता आणि त्यात खेळायचे होते चक्क झेल्डा होऊन. २६ सप्टेंबर २०२४ ला तो आलाही.

"मामा, पान नऊ! मला एक गुण दे."

"अरे, तू तो अंदाज 'टिअर्स ऑफ द किंग्डम'बद्दल केला होतास. हा खेळ वेगळा."

"वहीत खेळाचं नाव कुठे लिहिलंय? 'या वेळी' असं लिहिलंय."

"या वेळी म्हणजे त्या वेळी!"

"मामा, या म्हणजे या."

व्याकरणाच्या दृष्टीने त्याला काय उत्तर द्यावे हे मला अजून सुचलेले नाही. गुण द्यायचा आहे की नाही, तुम्हीच कळवा. पेनाने लिहा, तारीख घाला, आणि पुरावा विसरू नका.